नळीचा पासंग

हिलालकाकांचा उजवा हात गेला, तेव्हा आबांचा दोरही गेला. लकवा काकांना झाला होता, पण बुड्या बंद झाल्या आबांच्या.

आबा म्हणजे माझे वडील, कौतिक भोई. तापीच्या डोहात बुडी मारून वस्तू काढून देणं हे त्यांचं काम. कुणाची मोटर पडली, कुणाची बैलगाडीची साखळी, कधी नको ती गोष्टही. नाकातोंडाला काही न लावता एका श्वासात जायचं आणि त्याच श्वासात परत यायचं. कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक होडीत बसलेल्या त्यांच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे हिलालकाकांच्या हातात. काका दोर कधी घट्ट धरत नसत. दोन बोटांवर टेकवून ठेवायचे, नाडी बघावी तसा. खाली आबा चालताहेत की थांबलेत, दगड हलवताहेत की गाळ उपसताहेत, हे ते वरून सांगत, आणि ते बरोबर असे. नेमक्या वेळी ते दोर ओढायला लागत. आबांनी हिसका दिल्यावर ओढत, पण कधीकधी हिसक्याच्या आधीच हात चालू झालेला असे.

त्या संक्रांतीला काकांना लकवा झाला. पाय परत आला, बोलणं परत आलं, टोमणे तर आधीपेक्षा धारदार होऊन आले. उजव्या हाताची बोटं मात्र आली नाहीत. डाव्या हातात दोर दिला तर तो हात नुसता ओझं उचलणारा होता, त्याला काही कळत नव्हतं.

मी तेव्हा धुळ्याला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात सुट्टीला गावी आले, तर ओट्यावर भाईदासभाऊ बसलेले. हे आमच्या गावच्या उपसा सिंचन सोसायटीचे चेअरमन. अनेर तापीला मिळते तिथून थोडं खाली सोसायटीची विहीर आहे आणि विहिरीतून एक जाड पाईप डोहाच्या तळाशी जातो. पाईपच्या तोंडाला जाळी आणि फूटव्हॉल्व्ह. गावात त्याला फुटबॉल म्हणतात. तो तुंबला होता. मोटर चालू केली की धापा टाकायची आणि पाण्याऐवजी हवा ओढायची. केळी घडावर आलेली होती. वैशाखाच्या उन्हात केळीला पाणी चुकलं की घड गळ्यात मोडतो, हे भाईदासभाऊंनी सांगायची गरज नव्हती, तरी त्यांनी दोनदा सांगितलं.

आबा लगेच हो म्हणाले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली. आमच्यात बुडी मारणाऱ्याची बायको त्या दिवशी काठावर जात नाही आणि आदल्या दिवशी अडवत नाही. मग विचारायचं मलाच उरलं.

"दोर कोन धरी?" मी विचारलं.

भाईदासभाऊ म्हणाले, लोटन धरेल. लोटन सोसायटीचा मोटर चालवणारा, दांडगा माणूस, पोहता येणारा. आबांनी मान हलवली. काकांनी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठाजवळच्या उथळ पाण्यात रंगीत तालीम झाली. आबा खाली गेले आणि लोटनने त्यांना जवळजवळ लगेच वर ओढलं. लाट दोरावर आपटली होती, त्याला वाटलं हिसका. दुसऱ्यांदा मासा लागला असेल, त्याने पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा आबांनी खरंच हिसका दिला, तेव्हा शहाणा होऊन बसलेला लोटन म्हणाला, लाटच असेल. आबा स्वतःच वर आले. कमरेला दोराचा वळ उठला होता.

दुपारी भाईदासभाऊंनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब आणली. तिला दोर बांधायचा, ट्यूब पाण्यावर मोकळी सोडायची. म्हणजे माणसाच्या हाताची भानगडच नको. कल्पना अर्धी बरोबर होती. आबा खाली गेले. ट्यूब पाण्यावर म्हशीसारखी पसरली होती. मग वारा सुटला. मे महिन्यातला आमच्याकडचा दुपारचा वारा भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा असतो, आणि त्याने ट्यूब सरळ काठाकडे ढकलायला सुरुवात केली. ट्यूब पुढे आणि तिच्यामागे, पाण्याखाली, आबा. ते वर आले ते ठरल्या जागेपासून चांगले लांब, खोकत.

"मी खाले दोर वढी राहिंतू," ते म्हणाले. "तुम्ही वर काय देखी राहिंतात?"

कुणाला काही दिसलं नव्हतं. ट्यूब तसूभरही दबली नव्हती. मी काठावर बसून बघत होते, मलाही दिसलं नव्हतं. हे उथळ पाणी होतं. डोह पाच परस, म्हणजे पाच माणसांएवढा खोल आहे. तिथे आबा असा दोर ओढत राहिले असते आणि आम्ही वर ट्यूबकडे बघत बसलो असतो.

संध्याकाळी मी आबांना म्हटलं की दोन दिवस द्या. ते म्हणाले, केळीला विचार. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, बरं.

ट्यूब का चुकली हे मला समजत होतं. तरंगणारी वस्तू जेवढी मोठी तेवढी भरवशाची, असं सगळ्यांना वाटतं, कारण आपण पोहायला शिकतो ते पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून, आणि तेव्हा मोठा डबा चांगला असतो. पण आबांना तरंगायला कुणाची मदत नको होती. त्यांना हवी होती खबर देणारी वस्तू. ट्यूब शंभर किलो पेलते; तिला खालून दोन-तीन किलोची ओढ लागली तर ती जेमतेम केसभर बसणार, कारण तिचा पसारा मोठा. पसारा जितका कमी, तितकी तीच ओढ जास्त खोल नेते. म्हणजे हवी होती बारीक आणि उंच अशी वस्तू. पाण्यात उभी राहणारी, अर्धी वर, अर्धी खाली. वाऱ्याला धरायला फारसं काही नसलेली.

घरात भोपळे होते, पत्र्याचे डबे होते, तेलाचा प्लास्टिकचा कॅन होता. सगळे आडवे लोळणारे. मग सोसायटीच्या विहिरीवर गेले तर तिथे पीव्हीसी पाईपचे तुकडे पडलेले होते. अख्ख्या तालुक्यात तेव्हा शेताशेतांतून ते पाईप गाडले जात होते. तीन इंची पाईपचा पाच फुटांचा सरळ तुकडा मी निवडला. लोटनने दोन टोपणं दिली आणि ती चिकटवायचं सोल्युशन दिलं. तो दिवसभर माझ्या मागे होता. आदल्या दिवशीचं त्याच्या मनातून गेलं नव्हतं.

काका ओट्यावरून बघत होते.

"हाई नळी काय सांगी?" ते म्हणाले. "मनी बोटं सांगेत."

मी म्हटलं, तुमची बोटं काय सांगायची तेच मला पाहिजे. शाळेतून आणलेला ताणकाटा माझ्या पिशवीत होता. सुट्टीत दुरुस्त करायचा म्हणून आणला होता. तो खांबाला अडकवला, त्याला दोर बांधला आणि काकांना म्हटलं, डाव्या हाताने मला आबांचा हिसका करून दाखवा. काका आधी हसले. म्हणाले, नाव कोकिळा अन् जन्मभर तोंडमा मूग, आते सुट्टीमा गानं सुचनं. पण मग त्यांनी डोळे मिटले, दोर हातात घेतला आणि एक हिसका दिला. काटा अडीच किलोवर गेला. मी म्हटलं, परत. परत अडीच. दगड हलवतानाची ओढ? ती लहान, तुटक, अर्ध्या किलोच्या आतबाहेर नाचणारी. गाळात चालताना? त्याहून हलकी. काका डोळे मिटूनच करत गेले. वीस वर्षं जे त्यांच्या बोटांत आलं होतं ते दुसऱ्या हातातून बाहेर येत होतं, आणि ते इतकं सारखं होतं की मी दोनदा काटाच बिघडलाय का ते तपासलं.

"अन् आडकना तं?" मी विचारलं. दोर अडकला तर?

काकांनी दोर हळूहळू खेचला आणि धरून ठेवला. हिसका नाही, सुटका नाही. "हाई वाईट," ते म्हणाले. "आडकेल दोर झटका देत नही. नुसता जड व्हस."

मी नळीवर दहा-दहा सेंटिमीटरचे लाल-पांढरे पट्टे रंगवले. एक पट्टा पाण्याखाली जायला अर्ध्या किलोहून थोडी कमी ओढ लागत होती. म्हणजे आबांचा हिसका पाच पट्टे गिळणार. ते काठावरूनसुद्धा दिसलं असतं.

आता वजन. तळाशी वजन नसेल तर नळी आडवी पडणार. पहिल्यांदा मी नदीची कोरडी वाळू भरली, मापाने, नळी अर्धी बुडेल इतकी. सोसायटीच्या हौदात सोडली तर ती दारू प्यायल्यासारखी एका बाजूला कलून राहिली. वजन बरोबर होतं, जागा चुकली होती. वाळू हलकी, म्हणून तिला नळीत जागा फार लागते. तिचा ढीग वीतभर वर चढला होता आणि त्यासोबत सगळा भार वर आला होता. तेच वजन अगदी बुडाशी, चार बोटांत मावायला हवं होतं.

"शिसं," मी म्हटलं.

आबा उठले, माळ्यावरून त्यांचं जुनं फेकायचं जाळं काढलं आणि कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या एकेक करून कापायला लागले. जाळं फाटलेलं होतं, पण आजोबांचं होतं. मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर जुन्या लोखंडी पळीत शिसं वितळवलं. कोरड्या वाळूत खळगा करून त्याची चकती ओतली, कारण नळीतच ओतलं असतं तर प्लास्टिक वितळलं असतं. वाळू कोरडीच आहे ना, हे मी तीनदा हाताने पाहिलं. ओली असती तर शिसं उडून तोंडावर आलं असतं.

चकती टोपणात बसवताना आबांनी माझा हात धरला.

"बाई, वजन बठ्ठं आत नको कोंडू. थोडं बाहेर र्‍हाऊ दे."

त्यांचं म्हणणं असं, की नदी रोज एकसारखी नसते. दोर ओला झाला की जड होतो, नवा असला की वेगळा, जुना असला की वेगळा. डोहावर गेल्यावर कमीजास्त करता आलं पाहिजे, आणि एकदा सोल्युशन लागलं की नळी उघडणार नाही. तराजूचा पासंग बाहेर असतो तसा इथेही हवा. ते मला पटलं. थोड्या गोळ्या मी मागे ठेवल्या, तळाच्या टोपणाला बाहेरून लोखंडी आकडा बसवला, आणि त्या गोळ्या तारेत ओवून आकड्याला टांगता येतील असं केलं.

हौदात नळी ताठ उभी राहिली. ढकलली की झुकायची आणि सरळ व्हायची. मधल्या लाल पट्ट्यावर पाणी. काकांनी हौदाच्या काठावर बसून दोर खाली ओढला आणि पट्टे बुडाले, सोडला तेव्हा नळी वर उसळली. त्यांनी ते बराच वेळ केलं. टोमणा मारला नाही.

दोराची रचना अशी ठरली: आबांच्या कमरेपासून एक दोर नळीपर्यंत, खोलीपेक्षा हातभर सैल. नळीच्या डोक्यापासून दुसरा दोर होडीत लोटनच्या हाती. लोटनने खालचं काही जाणायचं नाही. नळी मी वाचणार. मी सांगितलं की ओढायचं, तोवर नाही. लोटनने सुटकेचा श्वास टाकला.

डोहावर आम्ही वारा सुटायच्या आत गेलो. विहिरीवरच्या स्टार्टरमधले फ्यूज काढून मी माझ्या पिशवीत ठेवले. आबा खाली असताना मोटर चुकूनही चालू होता कामा नये. होडीत आबा, काका, लोटन आणि मी. काठावर भाईदासभाऊ आणि केळीवाले पाच-पन्नास लोक.

होडी सुटायच्या आत भाईदासभाऊंच्या आई, शेवंताबाई, पाण्यात गुडघाभर चालत आल्या. हातात ताट: हळदकुंकू, खण, नारळ. डोहात माणूस जायच्या आधी तापीची ओटी भरायची, ही आमच्या गावची रीत. होडीतून पाण्यावर जे पहिल्यांदा सोडलं जाईल त्याला ओटी बांधायची. पूर्वी आबा बुडीच्या जागी आधी खुणेचा भोपळा सोडत, ती त्याला बांधत. आता पाण्यावर पहिली जाणार होती माझी नळी. शेवंताबाईंनी नळीच्या डोक्याला कुंकू लावलं, खणात नारळ गुंडाळला आणि डोक्याशीच गच्च गाठ मारली. मग हात जोडले.

लोटनने होडीच्या पलीकडे, खोल बाजूला नळी पाण्यात सोडली. ती क्षणभर उभी राहिली, मग संथपणे कलली आणि आडवी झाली. नारळ पाण्यावर आपटला.

काठावर कुजबूज सुरू झाली.

"हाऊ इशारा चांगला नही, दादा," लोटन आबांना म्हणाला. काठावरून भाईदासभाऊ ओरडले की आजचं राहू द्या, उद्या बघू. आबांनी नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नळीला बांधलेला दोर सोडायला लागले. त्यांनी ठरवलं होतं ते मला दिसत होतं. उद्यापर्यंत केळी थांबणार नव्हती, म्हणून नळी बाजूला ठेवून, दोराचं टोक लोटनच्या हातात देऊन ते आत्ताच जाणार होते.

इशारा नव्हता. अर्ध्या किलोहून जड नारळ नळीच्या अगदी टोकावर बसला होता आणि खालच्या शिशाला तो सावरत नव्हता. हे मी काठावर समजावून सांगू शकले असते. पण ओटी काढून टाका असं सांगणं म्हणजे आबांना ओटीशिवाय डोहात धाडणं. मग खाली काही वाकडं झालं असतं तर ते नारळ काढल्यामुळेच झालं असतं. शिवाय ओटी शेवंताबाईंनी आबांसाठीच आणली होती. त्यांना माझ्याइतकीच आबांची काळजी होती.

मी होडीतून उतरले आणि पाण्यातून त्यांच्याकडे गेले.

"तापीमायनी ओटी शे," मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या. "ती काढानी नही."

"काढानी नही, अक्का. पन ओटी नदीनी शे ना? मग तिले पानीमा देऊत. वर वारामा काबर ठेवानी?"

त्यांनी विचार केला. माझ्याकडे नाही, डोहाकडे बघत.

"नारळ पानीमा, खण वर," त्या म्हणाल्या. "चालस." आणि मी गाठ सोडायला लागले तेव्हा हलक्या आवाजात, "शाळामा हाई बी शिकाडतस का वं?"

नारळ मी नळीच्या तळाला, आकड्याच्या वर आवळून बांधला. तिथे तो पाण्यात बुडला की वर यायला बघणार, म्हणजे नळीचं बूड उचलणार, पण थोडंच. तेवढ्यासाठी आबांचा पासंग होता. तारेत ओवलेल्या गोळ्या आकड्याला टांगत गेले. पहिल्यांदा पाणी लाल पट्ट्याच्या खाली राहिलं. आणखी दोन गोळ्या घातल्या. पाणी लाल पट्ट्यावर आलं आणि नळी ताठ झाली. डोक्यावर खणाचं एक टोक बांधलेलं होतं. ते हिरवं कापड सकाळच्या झुळकीत हलत होतं आणि लांबून नळी आणखी चांगली दिसत होती. काठावरची कुजबूज थांबली. कुणीतरी तापीमायचं नाव घेतलं, मग सगळ्यांनी घेतलं.

आबांनी छातीशी दगड धरला आणि गेले.

पाण्याखालचं दिसत नाही. पण नळी बोलत होती. दोर ताणला गेला तशी ती किंचित दबली आणि परत वर आली: आबा तळाशी पोचले. मग बारीक, तुटक नाच, अर्धा पट्टा खाली, अर्धा वर. काकांनी दाखवला तसाच. "जाळी खरडी राहिना," काका म्हणाले. त्यांचे डोळे नळीवर होते आणि डावा हात मांडीवर तसाच नाचत होता. मग एकदम पाच पट्टे गडप झाले. मी म्हटलं, "वढ," आणि लोटनने लांब हातांनी ओढलं. आबा वर आले, हातात केळीच्या सोपटांचा आणि कुजलेल्या दोऱ्यांचा गोळा. खालचं पाणी माठातल्यासारखं गार आहे, एवढंच बोलले. दुसऱ्या बुडीत खताच्या पोत्याचा अर्धा तुकडा आला. उरलेला अर्धा जाळीत खोल गेला आहे, ते म्हणाले, पाईपच्या पलीकडच्या बाजूने ओढावा लागेल.

तिसऱ्या बुडीत नळी आधी दबली आणि वर आली, नेहमीसारखी. थोडा नाच. मग नाच थांबला. एक पट्टा पाण्याखाली गेला. मग दुसरा. सावकाश. तिसरा. नळी परत वर आली नाही. ती विहिरीच्या बाजूला कलली आणि तशीच राहिली.

लोटनचे हात दोरावर आवळले. काठावरून कुणीतरी ओढा, ओढा म्हणायला लागलं.

"वढू नको," मी म्हटलं. "सोडू बी नको. धरी ठेव."

माझा आवाज मोठा नव्हता, पण लोटन थांबला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. "जड व्हयना," ते म्हणाले. मी मान हलवली. आबा पाईपच्या पलीकडे गेले होते आणि त्यांच्या कमरेचा दोर पाईपच्या जोडावर अडकला होता. नळी आबांकडे कललेली नव्हती. ती पाईपकडे कलली होती. दोर नळीपासून पाईपपर्यंत आणि तिथून वळून आबांपर्यंत जात होता. लोटनने ओढलं असतं तर आबा वर आले नसते. ते आडवे, पाईपवर खेचले गेले असते, आणि तिथे आवळून बसले असते.

मी वल्हं घेतलं. होडी नळी कललेल्या दिशेने, पाईपच्या वर नेली. नळी होडीबरोबर सरकत गेली तसा तिचा कल कमी झाला. ती सरळ होत गेली. पाईपच्या बरोबर वर आल्यावर मी नळी हाताने थोडी पुढे, पलीकडे ढकलली, म्हणजे दोराला जोडावरून सुटायला जागा मिळावी. तिसरा पट्टा पाण्याबाहेर आला. दुसरा. पहिला. लाल पट्ट्यावर पाणी आलं आणि नळी एकदम मोकळी उसळली. हिरवा खण हलला.

त्यानंतर लगेच पाच पट्टे गेले.

"वढ," मी म्हटलं, आणि काकांनीही त्याच क्षणी म्हटलं.

आबा वर आले तेव्हा त्यांच्या हातात पोत्याचा दुसरा तुकडा होता. होडीच्या काठाला धरून ते बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले. कमरेला नवा वळ नव्हता. मग म्हणाले की दोर जोडात बसला होता. सोडवायला वाकलो, तर आपोआपच सैल झाला. हातातलं पोतं होडीत टाकलं आणि म्हणाले, आते पानी धरी.

काठावर गेल्यावर मी फ्यूज लोटनला दिले. मोटर सुरू झाली, एकदा खोकली, आणि विहिरीच्या वरच्या चौकोनी कुंडीत पाणी जाडजूड पडायला लागलं. लोक तिकडे धावले. भाईदासभाऊ कुंडीत हात घालून उभे राहिले, काढायचं विसरून गेल्यासारखे.

शेवंताबाई मात्र पाण्यापाशीच थांबल्या होत्या. नारळ तापीचाच, तो तिला देऊन टाक, त्यांनी सांगितलं. मी तळाची गाठ सोडली. नारळ वर आला आणि प्रवाहाबरोबर संथपणे खाली निघाला.

नळी लगेच थोडी जास्त बुडली. आकड्यावर टाकलेला पासंग आता जड होत होता. त्या दोन गोळ्या मी काढून हातात घेतल्या. नळी वर आली, पाणी परत लाल पट्ट्यावर.

काका होडीतच बसून होते. लोटन पंपाकडे पळाल्यावर वरचा दोर त्यांनी डाव्या हातात घेतला होता. ओढत नव्हते, नुसता धरला होता. त्यांचे डोळे नळीवर होते.

"आते मना हात तठे शे," ते म्हणाले.

आबा अंग पुसत होते. त्यांनी ऐकलं आणि काकांना विचारलं की मग उद्या येतोस का, खालच्या अंगाच्या विहिरीत एक मोटर पडली आहे. काका म्हणाले, नळी येत असेल तर येतो, तुझ्या एकट्याचा भरवसा नाही. मी उरलेल्या शिशाच्या गोळ्या तारेत ओवल्या, तार आकड्याला गुंडाळली आणि नळी काकांच्या बाजूला ठेवली.